तेरावा महिना : लॅपटॉप आणि संपलेली वॉरंटी

बारावीच्या गुणवंतांना लॅपटॉपसाठी मध्य प्रदेश सरकार २५,००० रुपये देऊ लागले. तेव्हापासून इंदूरात लॅपटॉप-खरेदीचा एक हंगामच ठरून गेला आहे. पैसे सगळ्यांच्या खात्यात एकदमच येतात, मग सिल्व्हर मॉलमध्ये आणि जेल रोडवर झुंबड उडते. एकदम घेतलेल्या लॅपटॉपांची वॉरंटीही एकदमच संपते. पुढच्या वर्षी सुदामा नगर, राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, कुठल्याही मराठी घरात एकच रड : वर्षभर सुरळीत चालला, वॉरंटी संपली आणि महिन्याभरात बसला. त्यावर दोन मते हमखास ऐकू येतात. एक, कंपन्या मुद्दामच तसे बनवतात. दुसरे, आता काही होणार नाही. दोन्हींत तथ्य आहे, पण लोक समजतात त्या जागी नाही.

‘मुद्दाम’चा संशय जुना आहे, आणि निराधारही नाही. विजेचे दिवे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी डिसेंबर १९२४ मध्ये जिनिव्हात एकत्र येऊन दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर बांधून घेतले होते. दिवा त्याहून जास्त टिकला तर बनवणाऱ्याला दंड. लॅपटॉपच्या बाबतीत असा करार मात्र कधी उजेडात आलेला नाही. जे उजेडात आले ते वेगळे आहे, आणि ग्राहकाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे.

२००८ च्या जुलैत ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एका बड्या कंपनीने जाहीर केले की तिच्या काही लॅपटॉप-चिपांच्या पॅकेजिंगमध्येच कमकुवत साहित्य गेले आहे. निस्तरायला १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढून ठेवले. चिप आणि तिच्या खालची पट्टी यांना जोडणारे बारीक टाके रोज गरम-थंड होऊन झिजत आणि शेवटी सुटत. पहिल्या दिवशी लॅपटॉप ठणठणीत, दोष मात्र पहिल्या दिवसापासून आत. तो बाहेर यायला कित्येकदा वर्षाहून जास्त काळ लागला. पुढे काही लॅपटॉप कंपन्यांनी त्या मॉडेलांची वॉरंटी वाढवून दिली. असाच प्रकार २०१५ पासून एका महागड्या ब्रँडच्या पातळ कीबोर्डाचा झाला. कळांखाली धूळ जाऊन त्या अडकत. २०१८ मध्ये त्या कंपनीने खरेदीपासून ४ वर्षे मोफत दुरुस्ती मान्य केली, तीही ग्राहकांनी कोर्टात धाव घेतल्यावर. म्हणजे उशिरा उघडा पडणारा जन्मजात दोष ही काही ग्राहकांनी रचलेली कहाणी नाही, कंपन्यांनीच तो वेळोवेळी कबूल केला आहे.

वॉरंटीचा एक वर्षाचा आकडा मग येतो कुठून? ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडला पूर आला आणि जगभर हार्ड डिस्कची टंचाई झाली. त्याच वर्षाअखेरीस दोन मोठ्या उत्पादकांनी साध्या डिस्कांची वॉरंटी कापल्याचे जाहीर केले. जिथे ३ वर्षे होती तिथे २, कुठे १. यंत्राच्या आयुष्याचा आणि या आकड्याचा कितपत संबंध असतो, ते यावरून ओळखावे. वॉरंटी हा हिशेबाच्या टेबलावरचा आकडा आहे. कंपनीला किती खर्च झेपतो आणि एक्स्टेंडेड वॉरंटी विकायला किती जागा ठेवायची, एवढेच त्यातून कळते.

२०१२ च्या सुमारास रॅम थेट मुख्य बोर्डावरच (मदरबोर्डवर) सोल्डर व्हायला लागली, पुढे बऱ्याच पातळ मॉडेलांत स्टोरेजही. तेव्हापासून सर्व्हिस सेंटरचे उत्तर एकच : बोर्ड बदला. त्याचा खर्च कित्येकदा निम्म्या लॅपटॉपाएवढा. सिल्व्हर मॉलमधली चिप-लेव्हलची, म्हणजे बोर्ड न बदलता त्यावरचा बिघडलेला सुटा भाग दुरुस्त करणारी, मंडळी तग धरून आहेत ती यामुळेच. कारागीर बोर्डाला बाहेरून कमी व्होल्टेज देतो, वरून अल्कोहोलचे दोन थेंब टाकतो आणि बघत बसतो. शॉर्ट झालेला भाग तापतो, म्हणून जिथे अल्कोहोल आधी वाळते तो कपॅसिटर (वीज साठवणारा बारीक भाग) शॉर्ट. तिळाएवढा तो तुकडा हीट गनने उचलला की बऱ्याचदा लॅपटॉप चालू. सर्व्हिस सेंटरने ज्याला ‘डेड’ म्हटले तो बोर्ड.

आता कायदा. घोळ खरा इथे आहे. वॉरंटी संपली की कंपनीची जबाबदारी संपली, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. माल त्याच्या कामाला योग्य आणि विकण्याजोगा असावा ही अट १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १६ पासून आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘दोष’ची व्याख्या चांगली ऐसपैस केली : गुणवत्तेत, क्षमतेत, शुद्धतेत किंवा मानकांत कोणतीही उणीव. जुलै २०२० मध्ये लागू झालेल्या २०१९ च्या कायद्यात तीच व्याख्या जवळजवळ जशीच्या तशी राहिली. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे. वॉरंटीच्या तारखेचा यात कुठे उल्लेख नाही.

मग अडते कुठे? सिद्ध करण्यात. ग्राहक आयोगासमोर प्रत्यक्षात विचारले जाते की हा ‘उत्पादनातला दोष’ कशावरून, आणि वॉरंटीत असताना तक्रार का नोंदवली नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कारच्या प्रकरणात निकाल दिला की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचे कबूल केले असेल तर तेवढेच मागता येते, अख्खी गाडी नाही. तो वाद वॉरंटीच्या आतला होता. पण कंपन्यांचे वकील तो निकाल सरसकट पुढे करतात आणि वॉरंटीचा कागद म्हणजेच जबाबदारीची हद्द असे बिंबवतात. हे ताणणे आहे, असे माझे मत.

पुराव्याचे ओझेही ग्राहकावरच. तपासणीशिवाय दोष कळत नसेल तर आयोगाने नमुना प्रयोगशाळेत पाठवावा, असे कायदा सांगतो (आता कलम ३८). अहवाल ४५ दिवसांत, आणि फी आधी तक्रारदाराने भरायची. त्याहून मोठी अडचण व्यवहाराची. कॉलेजला जाणाऱ्या पोराचा लॅपटॉप अहवालाची वाट पाहत बंद पडून राहू शकत नाही. आणि एकदा का बोर्ड कारागिराच्या हातात गेला, त्याने तो कपॅसिटर उचलला, की पुरावाही गेला. कंपनी म्हणायला मोकळी, बाहेर उघडलाय. दुरुस्ती करून घ्यावी तर केस बसते, केस लढावी तर लॅपटॉप बसलेलाच. यातून थोडी वाट काढणारा कागद म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरची जॉबशीट, म्हणजे तपासणीची लेखी नोंद. त्यावर बिघाड, तारीख आणि ‘वॉरंटीबाहेर’ हा शेरा लिहून घेतल्याशिवाय लॅपटॉप उचलू नये.

युरोपात हे ओझे उलट्या बाजूला आहे. तिथे २००२ पासून विक्रेत्यावर किमान २ वर्षांची कायदेशीर जबाबदारी आहे. २०२२ पासून पहिल्या वर्षात निघालेला दोष मुळातलाच धरला जातो. तसा नाही हे दुकानदाराने दाखवायचे. आपल्याकडे २०१९ च्या कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ हे नवे प्रकरण आले तेव्हा बऱ्याच जणांना हायसे वाटले होते. पण त्यातल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द वस्तूचे नुकसान वगळले आहे. बॅटरी फुटून घर जळाले तर ते प्रकरण कामाला येते, नुसता बोर्ड गेला तर नाही. त्यासाठी पुन्हा जुन्या ‘दोष’च्याच रस्त्याने जावे लागते. सोयी मात्र वाढल्या : कंपनीचे ऑफिस कुठेही असो, तक्रार इंदूरातच दाखल करता येते, ऑनलाइनही, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

आणि काही बिघाड तेराव्या महिन्यातले नसतातच. पुष्कळदा कंपनीच्या रेकॉर्डवर वॉरंटी सुरू होते ती लॅपटॉप डीलरकडे रवाना झाला त्या तारखेपासून. डब्बा दुकानात दोन-तीन महिने पडून राहिला असेल तर वेबसाइटवर ‘एक्स्पायर्ड’ दिसते तेव्हा खरेदीला नऊ-दहाच महिने झालेले असतात. जीएसटी बिल पाठवले की बहुतेक कंपन्या तारीख दुरुस्त करून देतात. बिल हरवले असेल तर ज्याच्याकडून घेतला त्या दुकानदाराच्या संगणकात त्याची प्रत असते. सर्व्हिस सेंटर गाठण्याआधी ती काढून घ्यावी.