‘स्वमग्न मुलांना माणसांची ओढ नसते’ : एका समजाविषयी खुलासा

‘स्वमग्न मूल आपल्याच जगात रमते, त्याला माया कळत नाही, म्हणून त्याला एकटे सोडावे,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. असे वाटणे स्वाभाविक आहे; ‘स्वमग्न’ (इंग्रजीत ‘ऑटिस्टिक’) या शब्दातूनच, मूल स्वतःत बुडालेले आहे, असा अर्थ ध्वनित होतो.

वस्तुस्थिती वेगळी आहे. स्वमग्नता हा आजार नसून मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात वेगळेपण आहे. त्यात भावना नाहीशा होत नाहीत, त्या व्यक्त करण्याची रीत बदलते. अनेक मुलांना एकाच वेळी समोरच्याच्या डोळ्यांत पाहणे आणि त्याचे बोलणे ऐकणे जड जाते, त्यामुळे नजर वळवलेले मूल कित्येकदा नीट ऐकण्यासाठी ती वळवत असते.

मुलाला माणसांची ओढ असते, हे घरीच पडताळता येते. मूल आपला खेळ उचलून मुद्दाम तुमच्याच शेजारी येऊन बसते का, हवी ती वस्तू दाखवण्यासाठी तुमचा हात धरून नेते का, हे काही दिवस पाहावे. प्रत्येक मुलाची खूण निराळी असते, आणि ती ओळखता आल्याचा आनंद फार मोठा असतो.

समारंभात टाळ्यांचा कडकडाट होताच कान झाकून बाहेर धावणारे मूल माणसांना नव्हे, त्या आवाजाला टाळत असते. अशा वेळी त्याला घरी ठेवण्यापेक्षा शांत कोपरा, काय घडणार आहे याची आधी चित्रांतून दिलेली कल्पना आणि हवे तेव्हा बाहेर पडण्याची मुभा द्यावी; बरीच मुले थोड्या वेळाने आपणहून परत येतात.