ही तपकिरी पावडर नक्की आहे तरी काय?

आमच्या लिग्नोसल्फोनेटची, म्हणजे काँक्रीट, गोळी पेंड आणि बॅटरीत घालायच्या ह्या पावडरची, गोणी उघडली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हे पेपर मिलचं वेस्टच ना, मग एवढे पैसे कसले?" विचारताय ते बरोबरच आहे, म्हणून हे पत्रक लिहिलंय.

लाकडात साधारण निम्मं सेल्युलोज असतं, कागद त्याचाच होतो. बाकी थोडे साखरेच्या जातीचे घटक आणि 20 ते 30 टक्के लिग्निन, म्हणजे लाकडाचे धागे एकमेकांना घट्ट धरून ठेवणारा पदार्थ, झाड ताठ उभं राहतं ते ह्याच्या जोरावर. पण कागदाला धागे सुटे लागतात, त्यामुळे मिलवाले लिग्निन विरघळवून बाहेर काढतात. आता बहुतेक मिल क्राफ्ट पद्धतीच्या आहेत, तिथे लिग्निन विरघळलेलं ते काळं पाणी आटवून बॉयलरमध्ये जाळतात, वाफ आणि वीज मिळते आणि लाकूड शिजवायची केमिकल्सपण परत हाती येतात. सल्फाइट पद्धत वेगळी, तिच्यात लिग्निनला सल्फोनेट, म्हणजे गंधकाचा एक गट, चिकटतो आणि ते साध्या पाण्यात विरघळायला लागतं. हेच लिग्नोसल्फोनेट, आमची पावडर. पूर्वी हे पाणी सरळ नदीत सोडायचे, पाण्यातला ऑक्सिजन संपून मासे मरायचे, युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी नद्यांची ह्यानेच वाट लागली होती.

नॉर्वेत सार्प्सबोर्गला बोरेगार्ड म्हणून कंपनी आहे, तिथे 1962 पासून ह्याच लिग्निनपासून व्हॅनिलिन बनवतात, हो, आइस्क्रीमच्या व्हॅनिलाचा जो वास तेच. 1000 किलो लाकडातून जेमतेम 3 किलो निघतं, पण निघतं. आणि त्या पाण्यातली लाकडाची साखर आंबवून अल्कोहोल करतात. आम्हाला तरी ह्याला वेस्ट म्हणवत नाही.

आता काँक्रीटचं. सिमेंट पाण्यात पडलं की पिठासारख्या गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्यांत पाणी अडकून बसतं. लिग्नोसल्फोनेट सिमेंटच्या कणांवर जाऊन बसतं, सगळ्या कणांवर सारखाच चार्ज येतो, ते एकमेकांना ढकलतात, गुठळी फुटते आणि अडकलेलं पाणी मोकळं होतं. म्हणजे कमी पाण्यात तोच स्लंप, म्हणजे ओल्या काँक्रीटचा तेवढाच सैलपणा, आणि पाणी कमी म्हणजे ताकद जास्त. 50 किलोच्या सिमेंटच्या गोणीला 100 ग्रॅम, म्हणजे 0.2 टक्के, आणि 25 लिटर पाणी लागत असेल तिथे दोन-सव्वादोन लिटर वाचतं. आधी पाण्यात विरघळवून घ्या आणि मग मिक्सरमध्ये टाका, कोरडी पावडर वरून भुरभुरवू नका.

डोस मात्र अंदाजाने वाढवायचा नाही, हे हात जोडून सांगतो. सुरुवातीला आम्हीच एका ग्राहकाला माप नीट समजावलं नव्हतं, साईटवर डब्याने टाकली, स्लॅब दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओलाच, मिस्त्री बोट लावून बघतोय तर बोट आत जातंय. शेवटी घट्ट झाला पण ती रात्र आम्हीपण साईटवरच काढली. कारण असं की ही पावडर मुळातच सेटिंग लांबवते, आणि त्यात लाकडाची साखर उरलेली असली तर आणखीनच, चमचाभर साखर सिमेंटचं काय करते ते प्रत्येक मिस्त्रीला माहीत असतं. म्हणून काँक्रीटसाठी आम्ही साखर काढलेला ग्रेडच देतो. उन्हाळ्यात हाच गुण कामाला येतो, गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली तरी माल लवकर धरत नाही.

गोळी पेंड करणाऱ्यांना वेगळा फीड ग्रेड घ्यावा लागेल, टनाला 10 ते 20 किलो, गोळी घट्ट बसते आणि गोणीत भुगा कमी होतो. काँक्रीटचा ग्रेड जनावरांच्या खाद्यात अजिबात घालू नका. बॅटरीवालेपण नेतात, लेड-ॲसिड बॅटरीच्या निगेटिव्ह प्लेटमध्ये हे अगदी थोडं घालतात, त्यामुळे शिसं दाट होऊन बसत नाही आणि प्लेट जास्त टिकते.

पावडर हवेतली ओल पटकन ओढते. पावसाळ्यात गोणी फळीवर ठेवा, भिंतीला टेकवू नका, उघडली की तोंड लगेच बांधा. गोळे झाले तरी ती खराब झाली असं नाही, कोमट पाण्यात विरघळतात, फक्त वजन ओलीसकट येतं त्यामुळे डोस चुकतो.

मोठी ऑर्डर देण्याआधी एक किलोचं सॅम्पल न्या. तुमचं सिमेंट, तुमची वाळू, तुमचं पाणी घेऊन क्यूब, म्हणजे काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे, भरा, 7 आणि 28 दिवसांनी फोडून बघा, आकडे घेऊन या, मग भावाचं बोलू.