१ जुलै २०२० पासूनचे वाहतूक-परिणाम नियम आणि शहरांची मुदतवाढीची मागणी
कॅलिफोर्नियातील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कॅलिफोर्नियात जागा घेऊन घरे किंवा दुकाने बांधू पाहणारे आमचे अनेक मराठी ग्राहक २०२० साली विचारत होते की, काही शहरे नवा वाहतूक-परिणाम नियम लागू करण्यासाठी राज्याकडे मुदतवाढ मागत असताना वाहतुकीचा अहवाल लगेच करून घ्यावा की थांबावे. मुदतवाढ मिळेल असे गृहीत धरून आपण कामाचे वेळापत्रक आखू नये, असा आमचा स्पष्ट सल्ला होता. १ जुलै २०२० ही तारीख राज्याच्या नियमात होती आणि ती पुढे ढकलणे कोणत्याही शहराच्या हाती नव्हते.

वाहतुकीचा परिणाम खोळंब्याऐवजी मैलांनी मोजण्याचा हा बदल २०१३ साली संमत झालेल्या एसबी (सिनेट बिल) ७४३ या कायद्यातून आला. त्यापूर्वी सिग्नलपाशी गाडी किती सेकंद खोळंबते यावरून चौकाला 'ए' ते 'एफ' अशी श्रेणी दिली जात असे आणि श्रेणी घसरली की विकासकाने डावीकडे वळण्यासाठी एखादी जादा लेन करून द्यायची, हा ठरलेला उपाय असे. त्यामुळे भरवस्तीत, बसथांब्याजवळ बांधणारा माणूस चौकात आधीच गर्दी असल्यामुळे अडचणीत येई, आणि शहराबाहेर मोकळ्या रानात वसाहत उभारणारा सहज सुटे. हे आम्हाला नेहमीच अन्यायाचे वाटत आले आहे. कॅलिफोर्नियाच्या पर्यावरण गुणवत्ता कायद्याखालील, म्हणजे सीक्वाखालील, नव्या नियमानुसार गाडीचा खोळंबा हा पर्यावरणावरील परिणाम मानला जात नाही. प्रकल्पामुळे गाड्या एकूण किती मैल धावतील, हे पाहिले जाते. राज्याच्या नियोजन कार्यालयाने निवासी प्रकल्पांसाठी दरडोई मैल सध्याच्या सरासरीपेक्षा १५ टक्के कमी असावेत अशी शिफारस केली आहे. समजा, आपल्या भागाची सरासरी दिवसाला २० मैल असेल, तर आपल्या प्रकल्पाने १७ मैलांच्या आत राहावे.

मुदतवाढ मागणाऱ्या शहरांची अडचण खरी होती. कोविडमुळे कचेऱ्या बंद होत्या, महसूल घटला होता आणि मैलांची मर्यादा ठरवणारे ठराव अनेक ठिकाणी रखडले होते. उपनगरी शहरांना आणखी एक चिंता होती : तेथील रहिवासी मुळातच कामासाठी लांब जातात, त्यामुळे बहुतेक प्रकल्प मर्यादेबाहेर जातील. तरीही सॅन फ्रान्सिस्कोने २०१६ साली, सॅन होजेने २०१८ साली आणि लॉस एंजेलिसने २०१९ साली मैल मोजण्याची ही पद्धत स्वीकारली होती, हे विसरून चालणार नाही.

आपल्यापैकी पुष्कळांना मैलांच्या या अभ्यासाची गरजच पडणार नाही. दिवसाला गाड्यांच्या ११० पेक्षा कमी फेऱ्या निर्माण करणारा छोटा प्रकल्प, किंवा ५०,००० चौरस फुटांपर्यंतचे, आसपासच्या वस्तीपुरते दुकान सर्वसाधारणपणे तपशीलवार अभ्यासाशिवाय सुटू शकते. मोठ्या सार्वजनिक वाहतूक स्थानकापासून अर्ध्या मैलाच्या आतील प्रकल्पालाही ही सवलत लागू होते, मात्र गरजेपेक्षा जास्त पार्किंग दिल्यास ती हातची जाऊ शकते. परसातील जादा घरकुलाचा परवाना तर बहुधा सीक्वाच्या कक्षेतच येत नाही.

ज्यांचा पर्यावरण दस्तऐवज १ जुलै २०२० पूर्वी जनतेच्या अवलोकनार्थ खुला झाला असेल आणि त्या वेळच्या नियमांशी सुसंगत असेल, त्यांना तो केवळ नव्या नियमासाठी पुन्हा लिहावा लागत नाही. इतरांनी मात्र शहराने स्वतःची मर्यादा ठरवली आहे का, हे नियोजन विभागाकडून लेखी विचारून घ्यावे, कारण मर्यादा नसेल तर प्रत्येक प्रकल्पाचा वेगळा विचार होतो आणि खर्च तिथेच वाढतो. चौकातील खोळंब्याची तपासणी शहर आपल्या सर्वसाधारण आराखड्यानुसार पुढेही मागू शकते, म्हणून दोन्ही अभ्यासांची तरतूद अंदाजपत्रकात ठेवावी.

मैल कमी करण्याचे उपाय आराखड्याच्या टप्प्यावरच स्वस्त पडतात : सायकलींसाठी बंदिस्त जागा, घरभाड्यापासून वेगळे आकारलेले पार्किंग, रहिवाशांना बस-रेल्वेचे पास. नकाशे पक्के होण्यापूर्वी भूखंडाचा पार्सल क्रमांक, पार्किंगची संख्या आणि जवळच्या थांब्याचे नाव घेऊन आमच्याकडे यावे. प्राथमिक छाननी आम्ही तेवढ्या माहितीवर करून देतो.