नाट्यपदांची ‘मूळ’ चाल नेमकी कुठली?

सांगली-मिरजेत जुन्या नाट्यपदांचा नवा अल्बम निघायचा म्हटला की आक्षेप ठरलेला असतो : मूळ चालीला हात लावू नका. पण ती मूळ चाल शोधायला जावं, तर बहुतेकदा ती आणखी जुन्या गाण्याची निघते.

१८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा पदं सूत्रधार म्हणे. १८८० च्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून पात्रं स्वतः गाऊ लागली. किर्लोस्करांनी साकी, दिंडी, लावणी, कीर्तन अशा लोकांच्या ओठांवरच्या चाली घेतल्या. नाटकांच्या जुन्या छापील प्रतींत पदाच्या डोक्यावर राग-तालाशेजारी ‘चाल’ म्हणून आधीच्या गाण्याचा मुखडाही सापडतो. पुढे सांगलीच्याच खाडिलकरांच्या ‘मानापमान’ला (१९११) गोविंदराव टेंबे आणि ‘स्वयंवर’ला (१९१६) भास्करबुवा बखले संगीतकार म्हणून लाभले. ख्याल-ठुमरीच्या बंदिशी मराठी शब्द लेवून आल्या आणि नागठाण्यात जन्मलेल्या बालगंधर्वांनी त्या घरोघरी पोचवल्या.

आज ‘मूळ’ मानलं जातं ते मात्र ग्रामोफोनच्या तबकडीवरचं गाणं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. म्हणून लय चढवली जाई, आलाप कापले जात, अंतरा एकदाच घेतला जाई. रंगमंचावर तेच पद ‘वन्समोअर’ घेत कितीतरी लांबे. तबकडी घोटून बसवलेलं पद धावतं, ते यामुळेच.

दुसरी अडचण वेगाची. सुरुवातीच्या काळातल्या सगळ्याच तबकड्या काटेकोर मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. सुमारे ७३.६ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली, तर पांढरी दोनमधलं गाणं काळी दोनमध्ये, म्हणजे अर्धा स्वर वर, ऐकू येतं, लयही तेवढीच वाढते. मग नवा गायक नसलेल्या पट्टीपायी गळा ताणत बसतो. षड्ज (सा) पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधेच पडत असेल, तर आधी वेगावर संशय घ्यावा. आणि पट्टी शेवटी आपल्या गळ्याचीच धरावी.

ऑर्गनशिवाय नाट्यपद सुनं वाटतं, हे खरंच. पण त्याचा शुद्ध गंधार (ग) तंबोऱ्यात आपोआप बोलणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. मिरजेचा चांगला, जवारीदार (घोडीवरच्या दोऱ्यामुळे भरून घुमणारा) तंबोरा लावला की ही तफावत जास्तच टोचते. यमनात गंधारावर ठेहराव असेल तिथे ऑर्गनने षड्ज-पंचम धरावा किंवा गप्प राहावं. स्टुडिओतल्या थंड, कोरड्या हवेत तंबोरा हलतो, म्हणून प्रत्येक टेकआधी तारा तपासाव्यात. जवारीचा दोरा सरकला असेल, तर सूर जुळवायचा मणी सरकवून आवाज खुलत नाही.

हक्कांचंही पाहावं लागतं. कवी आणि संगीतकार दोघांच्या निधनानंतरची ६० वर्षं वेगवेगळी मोजायची. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, टेंबे १९५५ मध्ये. त्यामुळे ‘मानापमान’ची त्यांची पदं २०१६ पासून मोकळी आहेत. नंतरच्या काळातले संगीतकार जितेंद्र अभिषेकी यांच्या चाली मात्र २०५८ अखेरपर्यंत संरक्षित राहतील. कॉपीराइट कायद्यातल्या ३१-सी कलमाखाली, पहिलं ध्वनिमुद्रण झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षांनी, आगाऊ सूचना आणि स्वामित्वधन देऊन नवी आवृत्ती काढता येते. पण तांत्रिक गरजेपलीकडे शब्द वा चाल बदलण्याची मुभा त्यात नाही. नवा अर्थ लावायचा, तर हक्कदारांची थेट लेखी परवानगीच घ्यावी लागते.