तार षड्ज आणि बंड्याचा हेल

पहाटे साडेपाचला मी हार्मोनियमचा भाता उघडतो तेव्हा आमचा कुत्रा बंड्या उंबऱ्याजवळच्या पोत्यावर मुटकुळं करून पडलेला असतो. खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातले स्वर, भरत असतो तोवर त्याचा कानसुद्धा हलत नाही. मध्य सप्तकात आलो की एक डोळा उघडतो. तार षड्जावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘सा’वर, आकार (लांब ‘आ’) लावून थांबलो, की तो उठतो, मान वर करतो, तोंडाचा चंबू करतो आणि हेल काढतो. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली आमची गल्ली अरुंद, त्यामुळे समोरच्या काकूंना सगळं ऐकू जातं. “आवो, त्येला सोसंना झालंय, जरा दमानं घ्या,” असं त्यांचं म्हणणं. माझ्या मुलाचं मत नेमकं उलटं: “पप्पा, त्याला गाणं कळतंय.”

दोघांपैकी खरं कोण, हे मला मनापासून जाणून घ्यायचं होतं. रियाज मला सोडवत नाही, आणि बंड्याला त्रास होत असेल तर तेही बघवणार नाही.

सुरुवात कानापासून. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. कुत्र्याची मर्यादा सुमारे ६७ पासून ४५,००० हर्ट्झपर्यंत जाते. म्हणजे वरच्या बाजूला तो आपल्यापेक्षा कितीतरी पुढे असला, तरी खालच्या बाजूला आपण त्याच्या पुढे आहोत. माझी पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारस्वर, हार्मोनियमची काळी एक. तिचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, म्हणून खर्जातला षड्ज त्याच्या निम्मा, जेमतेम ६९ चा. बंड्याच्या ऐकण्याचा हा अगदी काठ. आवाजातले वरचे स्वरांश त्याला ऐकू येतात, पण ज्या घुमाऱ्यानं माझी छाती भरून येते तो त्याच्यापर्यंत फारसा पोचतच नसावा. खर्जाला तो झोपून राहतो यात मला आता नवल वाटत नाही.

तार षड्ज २७७ हर्ट्झचा. इथं गोष्ट कानावरून रक्तावर येते. लांडग्यांच्या हेलाचा मूळ स्वर साधारण १५० ते ७८० हर्ट्झच्या दरम्यान असतो. एकाच स्वरावर बराच वेळ ठरणारा, नाहीतर एका स्वरावरून दुसऱ्यावर सावकाश घसरणारा आवाज, असं त्याचं रूप. हेच वर्णन मींडेला, गाण्यातल्या एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याला, लागू पडतं की नाही बघा. शिवाय कोल्हापूर हे गायक अल्लादिया खाँसाहेबांचं गाव. शाहू महाराजांच्या दरबारी राहून त्यांनी इथं रुजवलेल्या जयपूर-अत्रौली गायकीत मोकळ्या, भरदार आकाराला मोठा मान. आमचे गुरुजीही आकारासाठीच हट्ट धरतात. तार सप्तकातला लांब आकार बंड्याच्या कानाला लांडग्याच्या हाकेच्या फार जवळचा वाटत असणार. तानेला, म्हणजे भरभर घेतलेल्या स्वरांना, तो कधीच ओरडत नाही. तानेत कुठला स्वर त्याच्यासाठी थांबतच नाही. अॅम्ब्युलन्सच्या भोंग्याला गल्लीतली सगळी कुत्री साथ देतात, त्यामागचं कारणही हेच समजलं जातं: चढत-उतरत जाणारा लांब स्वर.

आपल्या भाषेनं इथं थोडा घोटाळा केलाय. कुत्रं ‘रडतं’, ‘इवळतं’ असं आपण म्हणतो. रात्री रडलं की घरातली म्हातारी माणसं अपशकुन म्हणून त्याला हाकलतात. एकदा ‘रडणं’ म्हटलं की दुःख त्यात आपोआप येतं. कोल्ह्यांसाठी मात्र आपल्याकडे ‘कोल्हेकुई’ असा नेमका शब्द आहे आणि त्यात दुःखाचा लवलेश नाही. उसाच्या फडातून एकानं सुरुवात केली की बाकीचे ती उचलतात, एवढंच. लांडग्यांचा हेलही तसाच, पांगलेल्या कळपानं एकमेकांचा ठाव घेण्यासाठी आणि गोळा होण्यासाठी. हा आवाज काही किलोमीटर जातो.

बंड्या सुरात मिळत नाही, याचं मला सुरुवातीला वाईट वाटायचं. मोबाइलवरचं सूर दाखवणारं अॅप लावून पाहिलं. मी षड्जावर ठरलो की तो थोडा वर जाऊन थांबायचा, मी पुढच्या स्वरावर, रिषभावर, सरकलो की तो तिथूनही बाजूला व्हायचा. पुढं वाचनात आलं की लांडगेसुद्धा एकत्र हेल काढताना एकाच स्वरावर राहत नाहीत. प्रत्येक जण आपला स्वर वेगळा ठेवतो आणि हलवत राहतो. त्यामुळे दूरवर ऐकणाऱ्या परक्या कळपाला इकडं किती जण आहेत याचा अंदाज येत नाही, थोडेही पुष्कळ वाटतात, असा संशोधकांचा कयास आहे. म्हणजे बंड्याचं बेसूर होणं ही चूक नसावी. साथ देण्याची ती त्याच्या कुळाची रीत असावी.

सगळी कुत्री असं करत नाहीत. बुडापेस्टच्या योटव्योश लोरांड विद्यापीठातल्या संशोधकांनी ६८ जातिवंत कुत्र्यांना लांडग्यांचे हेल ऐकवले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, जनुकीयदृष्ट्या लांडग्याच्या जवळच्या जाती हेलाला हेलानं उत्तर देतात, लांबच्या जाती भुंकण्याकडे झुकतात. आपली गावठी कुत्री त्या प्रयोगात नव्हती. ती घेऊन कुणीतरी इकडं असा प्रयोग करावा, असं मला फार वाटतं.

पण काकूंचा मुद्दा एवढ्यानं सुटत नाही. त्रास होतोय का, हे आवाजावरून नाही तर अंगावरून ओळखायचं. गणपतीच्या मिरवणुकीत साउंड सिस्टिमच्या भिंती लागल्या की बंड्या पलंगाखाली भिंतीला चिकटतो. शेपूट पोटाखाली, कान मागे सपाट, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय. जीभ पुन्हा पुन्हा नाकावरून फिरते, गर्मी नसताना धाप लागते, झोप आलेली नसताना जांभया येतात. ही सगळी ताणाची लक्षणं. तार षड्जाच्या वेळी यातलं काहीच नसतं. अंग सैल, शेपूट जागच्या जागी, आणि हेल संपला की तो माझ्याकडं बघतो. दार उघडं असून उठून जात नाही, माझ्या दृष्टीनं हे सगळ्यात महत्त्वाचं. मुलाचा मित्र तबला घेऊन आला, की चाटेवरच्या (तबल्याच्या कडेवरच्या) पहिल्या टणक बोलालाच बंड्या परसात निघून जातो. तेही त्याचं स्पष्ट मतच आहे. तेव्हा परसाचं दार आम्ही लावत नाही.

संगीत आणि कुत्री यांवर परदेशात बरंच काम झालंय. अमेरिकेत २०१२ साली ११७ कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत चालू असताना कुत्री जास्त झोपली आणि हेवी मेटल लागल्यावर त्यांचं थरथरणं वाढलं. पण ते ध्वनिमुद्रित संगीत होतं, कुत्री पिंजऱ्यात होती. घरचं माणूस समोर बसून गातंय, ही गोष्ट निराळी. कशी, ते आम्ही घरीच ताडून पाहिलं. माझा रियाज मोबाइलवर मुद्रित केला आणि मी स्वयंपाकघरात चहा घेत असताना मुलानं तो माझ्या जागेवर वाजवला. तार षड्ज आला तेव्हा बंड्यानं मान तिरकी केली, मोबाइल हुंगला, आणि मला शोधत आत आला. हेल काढला नाही. तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा तसंच. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमध्ये आवाजाचा भरणा उतरत नाही, हे खरं, आणि एका कुत्र्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, हेही खरं. पण त्याचं उत्तर नुसत्या स्वराला नाही, ते मला आहे, असं मी तरी धरून चाललोय.

शेवटचा धागा पाव्हलॉव्हचा. १९०४ साली पचनसंस्थेवरील कामासाठी नोबेल मिळालेला हा रशियन शास्त्रज्ञ म्हटलं की घंटा आणि लाळ आठवते. पण त्याच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांना ऐकवण्यासाठी मेट्रोनोम होता, बझर होता, आणि चक्क हार्मोनियमही होती. ठरावीक आवाजानंतर ठरावीक गोष्ट घडते, हे कुत्रं किती पक्कं शिकतं ते त्यानं मोजून दाखवलं. आमच्याकडं ते रोज सात वाजता दिसतं. मी भाता मिटतो, त्याची कडी अडकवतो. कडीचा आवाज एवढासा, काकूंना तो कधी ऐकूही गेला नसेल. पण बंड्या तोवर पोत्यावरून उठून, अंग झाडून, खुंटीवरच्या पट्ट्याखाली जाऊन उभा असतो. त्या कडीनंतर आम्ही रंकाळ्यावर जातो.