जुन्या गाडीचं गिअर ऑइल आणि डिफरन्शियल ऑइल: बदलायचं की नाही?

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

इंजिन ऑइलची आठवण सगळ्यांना असते. पुढचं ऑइल किती किलोमीटरला बदलायचं ते आम्ही काचेच्या कोपऱ्यात स्टिकरवर लिहून देतो, आणि डिपस्टिक ओढली की काळं पडलेलं ऑइल दिसतंच. साध्या, म्हणजे हातानं गिअर टाकायच्या, गिअरबॉक्सला बहुतेक गाड्यांत डिपस्टिकच नसते. त्यामुळे गाडी पिटवर घेऊन आम्ही खालून विचारलं, "याचं ऑइल शेवटचं कधी बदललं होतं?" की मालक ड्रायव्हरकडे बघतो आणि ड्रायव्हर आमच्याकडे. मग प्रश्न ठरलेला: "इतकी वर्षं हात लावला नाही, आता बदललं तर गिअरबॉक्स जाणार नाही ना?"

हे पत्रक त्या प्रश्नासाठी छापलं आहे. चिपळूणच्या आमच्या गॅरेजात येणाऱ्या निम्म्याअधिक गाड्या दीड-दोन लाख किलोमीटर ओलांडलेल्या असतात. आंब्याच्या पेट्या वाशीला पोचवणारी पिकअप, चिरेखाणीवरचे टेम्पो, वडापच्या जीपगाड्या, शिवाय गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या जुन्या मोटारी.

थोडक्यात उत्तर असं: साध्या गिअरबॉक्सचं आणि डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचं) ऑइल बिनधास्त बदला. ऑटोमॅटिकचंही बदला, पण आधी गाडी आम्हाला चालवून बघू द्या.

ऑइल जळत नाही, मग बिघडतं कसं?

इंजिनात डिझेल जळतं, त्याची काजळी ऑइलमध्ये उतरते. गिअरबॉक्समध्ये जळत काहीच नाही. तिथं दातावर दात घासतो आणि त्याचा बारीक चुरा ऑइलमध्येच राहतो. इंजिनासारखा फिल्टर साध्या गिअरबॉक्सला नसतो, म्हणून तोच चुरा पुन्हा पुन्हा दातांमधून आणि बेअरिंगमधून फिरतो. दातांवरचा दाब सोसावा म्हणून ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची रसायनं घातलेली असतात, तीही वापरात संपत जातात. गिअर ऑइलचा तो उग्र वास या गंधकाचाच. हाताला लागलं की साबणानं दोनदा धुतलं तरी जेवताना येतो, आमच्या घरच्यांना विचारा.

भरलेली गाडी कुंभार्ली घाट दुसऱ्या गिअरवर चढते तेव्हा क्राऊन-पिनियनवर, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मुख्य गिअरजोडीवर, सगळ्यात जास्त भार येतो आणि ऑइल तापतं. उतरताना गाडी गिअरवर रोखून धरली की दातांची दुसरी बाजू भार घेते. सपाटीवरच्या दोन लाख किलोमीटरपेक्षा घाटातले लाखभर जास्त खातात, असं आमचं मत आहे. म्हणून घाटात ओझं वाहणाऱ्या गाडीला आम्ही ४० हजार किलोमीटर धरतो, घरगुती मोटारीला ६० हजार किंवा ४ वर्षं, जे आधी होईल ते. गाडीच्या पुस्तकात याहून कमी आकडा दिला असेल तर पुस्तक खरं.

तुमच्या गाडीत ऑइलं किती?

अल्टो, वॅगनआर, स्विफ्टसारख्या पुढची चाकं ओढणाऱ्या मोटारींत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं, ऑइल एकच. बोलेरो, सुमो, टवेरा, जुनी इनोव्हा, ईको यांना मागची चाकं ढकलतात, म्हणून गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं आणि मागच्या हाउसिंगमधलं, म्हणजे डिफरन्शियलच्या पेटीतलं, वेगळं. जिप्सी किंवा फोर बाय फोर थार असेल तर मधला ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा) आणि पुढचं डिफरन्शियल धरून चार ठिकाणं होतात. "सगळं ऑइल बदललंय" असं सांगून विकलेल्या गाडीत यातलं एखादं राहिलेलं आम्हाला नेहमी सापडतं, आणि ते बहुतेक वेळा मागचं हाउसिंग असतं. जुनी गाडी नव्यानं घेतली असेल तर आधीच्या मालकाच्या शब्दावर राहू नका, पहिल्याच महिन्यात सगळी ठिकाणं रिकामी करून घ्या.

डब्यावरचं वाचा

"नव्वद नंबर द्या" म्हणून दुकानातून डबा आणला जातो आणि गोंधळ तिथून सुरू होतो. नव्वद हा फक्त जाडपणा झाला. डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असंही छापलेलं असतं आणि जास्त महत्त्वाचं ते आहे. जीएल-५ मध्ये दाब सोसणारी रसायनं जास्त असतात. डिफरन्शियलमधल्या तिरक्या दातांना, म्हणजे हायपॉइड गिअरला, तेच लागतं. पण साध्या गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा असतात. गिअर टाकताना ही रिंग क्षणभर घासून दोन्हीकडचा वेग जुळवते, म्हणजे तिला थोडं घर्षण हवंच असतं. जास्त निसरडं ऑइल घातलं तर रिंग सटकते आणि गिअर पडताना 'कर्र' करतो. शिवाय यातली काही रसायनं तापल्यावर पितळ खातात. म्हणून पुस्तकात गिअरबॉक्सला जीएल-४ लिहिलं असेल तिथं जीएल-५ घालून "भारीतलं घातलं" असं समाधान मानू नका. उलट चूकही वाईटच: हायपॉइड डिफरन्शियलमध्ये जीएल-४ घातलं तर क्राऊन लवकर गुणगुणायला लागतो.

जाडपणाचंही तसंच. ७५डब्ल्यू-८० सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये १४० नंबर ओतला तर आवाज दबतो, पण थंडीत सकाळी गिअर पडता पडत नाही. विकायच्या गाडीचा आवाज झाकायला हा प्रकार चालतो. पूर्वी लाकडाचा भुसासुद्धा घालत. खरेदीला निघालात तर गाडी रात्रभर थंड झालेली असताना, पहाटे बघायला जा.

पाणी

२२ जुलै २०२१ चा पूर चिपळूणला कोणाला सांगायला नको. बाजारपेठेतल्या, खेर्डीतल्या गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. पुढचे काही महिने आमच्याकडे फक्त इंजिन उघडणं चाललं होतं. इंजिन सुरू झालं की मालक गाडी घेऊन जायचे, घाई सगळ्यांनाच होती. त्यातल्या काही गाड्या पुढच्या उन्हाळ्यात परत आल्या, मागून 'हूं हूं' आवाज करत. हाउसिंगचा बोल्ट सोडला तर ऑइलऐवजी दुधाळ चहासारखं काहीतरी आलं, त्यामागून गढूळ पाणी. बेअरिंगच्या गोळ्यांना गंज धरलेला. क्राऊन-पिनियनचा सेट, बेअरिंगं, मजुरी, सगळं त्या दोन लिटर ऑइलपायी.

पाणी आत शिरायला पूरच लागतो असं नाही. हाउसिंगच्या वरच्या बाजूला हवा ये-जा करायला एक छोटी टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. घाट उतरून तापलेली गाडी थेट नदीत धुवायला घातली की आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि ब्रीदरमधून, सीलांमधून पाणी ओढून घेते. ब्रीदर चिखलानं बुजलेला असेल तर उलटा त्रास: तापलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नाही, मग ती पिनियन सील किंवा चाकाकडचं सील ढकलून ऑइल बाहेर काढते. चाकाकडून गळलेलं ऑइल ब्रेकच्या लायनरवर जातं. गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढत असेल तर आम्ही ब्रेकच्या आधी ब्रीदर बघतो. दोन मिनिटांचं काम, आणि आम्ही त्याचे पैसे लावत नाही.

ऑइल दुधाळ निघालं तर एकदा बदलून भागत नाही. नवं ऑइल भरून थोडे दिवस गाडी चालवायची, तेही काढून टाकायचं आणि मग कायमचं भरायचं. "डिझेलनं धुऊन टाका ना" असं बरेच जण सुचवतात. आम्ही करत नाही. कोपऱ्यात उरलेलं डिझेल नव्या ऑइलला पातळ करतं.

आम्ही काम कसं करतो

गाडी घरून चालवत आणा, गरम ऑइल घाणीसकट लवकर उतरतं. गाडी सपाट उचलतो आणि सगळ्यात आधी ऑइल भरायचा वरचा बोल्ट सोडून बघतो. खालचा नंतर. हे उलटं केल्याची शिक्षा आम्हीच भोगली आहे: गॅरेज नवं होतं तेव्हा एका जीपचं ऑइल आधी सोडून मोकळे झालो आणि मग वरचा बोल्ट गंजून घट्ट बसलेला. पान्यानं त्याची कडा गोल झाली, गाडी बिनऑइलची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला लग्नाचं वऱ्हाड न्यायचं होतं. रात्री अकराला त्यावर नट वेल्ड करून तो फिरवला. त्यानंतर वरचा सुटल्याशिवाय खालच्याला पाना लावलेला नाही.

निघालेलं ऑइल पसरट ट्रेमध्ये घेतो आणि तुम्हाला बोलावतो. खालच्या बोल्टला बऱ्याचदा लोहचुंबक असतं. त्यावर काजळासारखा मऊ राखाडी लेप असेल तर काळजी नको, दोन लाख किलोमीटरचा तो हिशेबच आहे. ऑइलमध्ये सोनेरी चकाकी दिसली तर पितळी रिंगा झिजत आहेत. बोटांना कण टोचले किंवा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा निघाला तर ऑइल भरण्याआधी आपण बोलू, कारण तेव्हा नवं ऑइल म्हणजे तुमचा खर्च वाया.

वॉशर दर वेळी नवा. ऑइल वरच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत, ओघळायला लागेल इतकं. जास्त कोंबलं तर तापून सीलावर येतं. डबा तुमच्यासमोर फोडतो, उरलेलं तुमचं. मागची चाकं ढकलणारी गाडी असेल तर मागे ताकद नेणाऱ्या शाफ्टच्या क्रॉसना (सांध्यांना) ग्रीसही त्याच वेळी मारतो. पुढची चाकं ओढणाऱ्या मोटारीत चाकांजवळचे रबरी बूट फाटलेत का ते बघतो. वळताना 'टक टक' येत असेल तर दोष बहुधा तिथं असतो, गिअर ऑइलचा नव्हे.

ऑटोमॅटिकची गोष्ट वेगळी

"ऑइल बदललं आणि गिअरबॉक्स बसला" ही कथा बहुतेक ऑटोमॅटिकची असते आणि ती निव्वळ अफवा नाही. ऑटोमॅटिकमधलं ऑइल, म्हणजे एटीएफ, वंगण तर असतंच, पण त्याच्याच दाबावर आतले क्लच पकडतात. त्या क्लचचं अस्तर झिजून ऑइलमध्ये मिसळतं. पकड आधीच सुटत चालली असेल, तर गढूळ ऑइलवर कशीबशी चालणारी गाडी स्वच्छ ऑइलवर घसरू शकते. मशीन लावून जोरानं फ्लश केलं तर साचलेला गाळ उठून बारीक वाटांत अडकण्याचाही धोका असतो. मात्र मेलेला क्लच ऑइलनं मारलेला नसतो. मालक जेव्हा ऑइल बदलायला येतो तेव्हा गाडी बऱ्याचदा आधीच कुरकुरत असते, ही खरी मेख.

म्हणून आम्ही आधी चालवून बघतो. वेग न वाढता इंजिन नुसतंच रेस होतंय, डी मध्ये टाकल्यावर गाडी उशिरा धक्का देऊन उचलते आणि ऑइल तपकिरी होऊन त्याला करपट वास येतोय, असं असेल तर आम्ही स्पष्ट सांगतो की ऑइलवर पैसे घालू नका, गिअरबॉक्सच्या कारागिराला दाखवा. गाडी नीट चालत असेल तर फ्लश न करता खालून सोडून तेवढंच भरतो. बरंचसं ऑइल इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं, एका वेळी सगळं निघत नाही. त्यामुळे काही हजार किलोमीटरच्या अंतरानं दोन-तीनदा करावं लागतं. धीर लागतो, पण जुन्या गाडीला हेच मानवतं.

सीव्हीटीला, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकला, सीव्हीटीचंच ऑइल, साधं एटीएफ चालत नाही. आणि क्लच पेडल नसलेली प्रत्येक गाडी ऑटोमॅटिक नव्हे: सेलेरिओपासून, म्हणजे २०१४ पासून आलेल्या एएमटी गाड्यांत आत साधाच गिअरबॉक्स असतो. त्याला साधं गिअर ऑइल, आणि गिअर टाकणाऱ्या यंत्रणेचं ऑइल वेगळं. आणताना गाडीचं पुस्तक सोबत आणा.

ऑइलनं काय होणार नाही

गिअर सुटून न्यूट्रलला येतो, क्राऊनचा आवाज ठरावीक वेगाला वाढतो, चढावर क्लच प्लेट घसरते, यातलं काहीही नव्या ऑइलनं बरं होत नाही. क्लच प्लेट तर कोरडी चालते, तिचा गिअर ऑइलशी संबंध एवढाच की पुढचं सील गळलं तर ती भिजते. ऑइल बदलल्यावर जुनं, कडक झालेलं सील ओघळायला लागलं तर तेही ऑइलनं केलेलं नसतं. म्हणून पाचशे किलोमीटरनंतर एकदा खालून बघायला गाडी आणा. गळती थांबवणाऱ्या बाटल्या आम्ही ठेवत नाही.

निघालेलं ऑइल गोठ्याच्या खांबांना वाळवीसाठी मागायला येतात. नाही म्हणताना वाईट वाटतं, पण आम्ही देत नाही. वापरलेलं ऑइल २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येतं, ते परवाना असलेल्या पुनर्वापरवाल्याकडेच जातं. पावसात ते खांबावरून ओघळून विहिरीपर्यंत जायला कितीसा वेळ लागतो.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल मिळून साध्या गाडीला तासभर लागतो, ऑटोमॅटिकला अर्धा दिवस धरा. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात पिटवर रांग असते, शक्यतो श्रावणातच गाडी आणा. कोणी पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी घेतली असेल आणि मागचं हाउसिंग आजवर उघडलं नसेल, तर त्यांनी श्रावणाचीही वाट बघू नये.