फाइल कुठून घ्यायची, निकाल कुठे ठेवायचा?

दोन फाइल्समधला फरक शोधणं कॉम्प्युटरला १९७० च्या दशकातच जमलं. बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकिलरॉय यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी डिफ हा फरक दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला, १९७६ मध्ये त्यांनी आणि जेम्स हंट यांनी मिळून त्याची पद्धत मांडली: दोन्हीकडे त्याच क्रमाने येणाऱ्या ओळींची सगळ्यात लांब साखळी शोधायची, उरलं ते काढलेलं नाहीतर नवीन. आता हेच काम वेब सर्व्हिस, म्हणजे इंटरनेटवरून वापरायची सेवा, करते, पण घोळ होतो तो फाइल कुठून घ्यायची आणि निकाल कुठे ठेवायचा याचे पत्ते तिला देताना.

फाइल तुम्ही अपलोड करू शकता, मजकूर थेट पाठवू शकता किंवा लिंक देऊ शकता. लिंक दिली की फाइल आणायला सर्व्हिसचा सर्व्हर जातो, तुमचा ब्राउझर नाही, आणि तुमचं लॉगिन त्याच्याकडे नसतं! मी भाडेकराराच्या दोन ड्राफ्टच्या शेअर लिंक दिल्या, उत्तर आलं फरक शून्य, आणि भाड्याची रक्कम तर मी स्वतः बदललेली. नंतर कळलं की दोन्ही लिंकवर सर्व्हरला लॉगिनचं पान मिळालं होतं आणि त्याने इमानदारीत तीच दोन पानं ताडून पाहिली. तेव्हापासून मी आधी खाजगी विंडोमध्ये लिंक उघडून बघतो, तिथे फाइल थेट डाउनलोड झाली तरच पुढे.

मराठी मजकुरात अजून एक गोष्ट आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. 'दुसऱ्या' मधला ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला कोड देणाऱ्या पद्धतीत, एकाच कोडने लिहिता येतो किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असे दोन कोड जोडून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, पण यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे हे कोड फाइलमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, एक ३ बाइटचा, दुसरा ६ चा, मग एक अक्षरही न बदलता फरक दाखवला जातो. म्हणून सर्व्हिसमध्ये युनिकोड नॉर्मलायझेशनचा (असे दोन प्रकार एकसारखे करून घेण्याचा) पर्याय असेल तर चालू करा. विंडोज आणि लिनक्समध्ये ओळ संपवायची खूणही वेगळी असते, त्यामुळे कधीकधी अख्खी फाइलच बदललेली दिसते.

निकाल छोटा असेल तर उत्तरातच मागवा, मोठा असेल तर स्टोरेजचा पत्ता द्या, तिथे लिहायची परवानगी सर्व्हिसला आहे ना ते बघून. तो पत्ता इनपुट फाइलचाच मात्र कधीच नको. टर्मिनलवर डिफचा निकाल > वापरून जुन्याच फाइलमध्ये वळवलात तर शेल, म्हणजे टर्मिनलवरच्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, आधी ती फाइल रिकामी करतं, डिफ नंतर सुरू होतं, आणि तोवर ताडून बघायला जुनं काही उरलेलंच नसतं.